पहिल्या बाळाला हार्ट ब्लॉक, आता पुन्हा दिवस गेलेत: एका जुन्या गोळीचं प्रकरण

विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी. पोटातल्या बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० च्या मधे असायला हवेत आणि इथे दिसतायत ५५. दोन आठवड्यांपूर्वी सगळं नॉर्मल होतं. हृदयाची रचना बघितली तर तीही नीट, चार कप्पे, झडपा जागेवर, कुठे भोक नाही. फक्त वरचे कप्पे त्यांच्या वेगाने चाललेत आणि खालचे स्वतःच्याच संथ लयीत, दोघांचा एकमेकांशी संबंध उरलेला नाही. ह्याला कम्प्लीट हार्ट ब्लॉक म्हणतात. आईला विचारावं तर ती ठणठणीत, कसलं औषध चालू नाही, घरात कुणाला हृदयाचा त्रास नाही. मग तिचं रक्त तपासतात, त्यात अँटी-रो अँटीबॉडी (पेशींमधल्या रो नावाच्या प्रथिनाला चिकटणाऱ्या) सापडतात, आणि तिला तेव्हा पहिल्यांदा कळतं की आपल्या रक्तात असं काही आहे.

ही बाई कुणी एक नाही. अशा शेकडो आयांच्या नोंदींमधून जो क्रम पुन्हा पुन्हा दिसतो तो असाच आहे, आणि मी इथे जे प्रकरण मांडतोय ते तिच्या पुढच्या बाळंतपणाचं आहे. पहिलं बाळ वाचलं, त्याला पेसमेकर बसला (किंवा नाही वाचलं, तेही होतं), काही वर्षं गेली, आता तिला पुन्हा दिवस गेलेत, सहावा आठवडा चालू आहे, अँटीबॉडी तशाच आहेत, आणि ती डॉक्टरांना विचारते की ह्या वेळी काही करता येईल का. ह्या प्रश्नाला धड उत्तर मिळायला संशोधकांना काही दशकं लागली आणि ते उत्तर ज्या पद्धतीने शोधलं गेलं ती पद्धत मला उत्तराइतकीच महत्त्वाची वाटते.

आधी आजार नीट समजून घेऊ. अँटी-रो अँटीबॉडी शोग्रेन आणि ल्युपस ह्या ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा आजारांत सापडतात, पण कितीतरी बायकांच्या रक्तात त्या नुसत्याच असतात, फार तर डोळे जरा कोरडे पडतात, तोंडाला कोरड पडते, आणि त्याकडे कोण लक्ष देतं. ह्या अँटीबॉडी आयजीजी प्रकारच्या असतात, रक्तातल्या अँटीबॉडींचा हा मुख्य प्रकार. गरोदरपणात वारेमधले खास रिसेप्टर आईच्या आयजीजीला उचलून बाळाकडे पोचवतात, साधारण तेराव्या आठवड्यानंतर हे सुरू होतं आणि पुढे वाढतच जातं, इतकं की जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात आयजीजी आईइतकं किंवा थोडं जास्तच असतं. ही सोय बाळाच्या भल्यासाठीच आहे, पहिल्या काही महिन्यांत त्याला इन्फेक्शनपासून तेच वाचवतं. पण वारेला चांगली अँटीबॉडी आणि घातक अँटीबॉडी ह्यात फरक करता येत नाही, आयजीजी दिसलं की ती पलीकडे नेते.

पलीकडे गेल्यावर काही बाळांच्या हृदयात एव्ही नोड, म्हणजे वरच्या कप्प्यांचा विजेचा संदेश खालच्या कप्प्यांना देणारी जागा, तिथे दाह होतो आणि मग त्या जागी व्रण तयार होतो, कॅल्शियम साचतं. व्रण झाला की संपलं, तो परत जात नाही. ह्याच आजारात काही बाळांना डोळ्यांभोवती, चेहऱ्यावर गोल गोल चट्टे येतात, ते मात्र आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तातून संपल्या की सहा-आठ महिन्यांत आपोआप जातात. आजार तोच, पण त्वचा भरून येते आणि एव्ही नोड भरून येत नाही, आणि सगळी तातडी ह्याच फरकातून येते.

आईचा आजार आणि बाळाचा ब्लॉक ह्यांचा संबंध १९७७ मधल्या शोधनिबंधांतून पुढे आला आणि १९८३ च्या सुमारास अँटी-रो वर बोट ठेवलं गेलं. त्यानंतर वाटलं असेल की झालं, कारण सापडलं. पण कोडं तिथूनच सुरू होतं. अँटी-रो असलेल्या आयांपैकी जेमतेम १ ते २ टक्के बाळांना ब्लॉक होतो, बाकीच्या जवळजवळ सगळ्यांना काहीच होत नाही. आईच्या स्वतःच्या हृदयाला ह्याच अँटीबॉडी काही करत नाहीत. बहुतेक ब्लॉक १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान होतात, त्यानंतर बाळाच्या रक्तात अँटीबॉडी वाढत जातात आणि तरी धोका कमी होतो. आणि जुळ्या, अगदी एकाच गर्भापासून झालेल्या जुळ्यांमधेसुद्धा एकाला ब्लॉक आणि दुसऱ्याला काही नाही असं झालेलं आहे. म्हणजे अँटीबॉडी लागतातच, पण नुसत्या अँटीबॉडींनी भागत नाही, गर्भाच्या बाजूने आणखी काहीतरी घडावं लागतं. प्रतिबंधाचा सगळा विचार पुढे ह्याच एका निष्कर्षावर उभा राहिला म्हणून तो लक्षात ठेवा.

आता अडचण अशी की आजार इतका दुर्मिळ असेल तर अभ्यास कुणाचा करायचा? एकेका हॉस्पिटलला वर्षभरात एखादी केस दिसणार, ती डॉक्टरच्या आठवणीत राहणार आणि संपणार. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतल्या रुमॅटोलॉजिस्ट (सांध्यांच्या आणि ऑटोइम्यून आजारांच्या डॉक्टर) जिल बुयॉन ह्यांनी १९९४ मधे नवजात ल्युपसची, बाळाच्या ह्याच आजाराचं हे नाव, रजिस्ट्री सुरू केली, म्हणजे देशभरातल्या अशा कुटुंबांची नोंद, आईचं रक्त, बाळाचं निदान, पुढची बाळंतपणं, सगळं एकाच जागी. ऐकायला हे काम कंटाळवाणं वाटतं, ह्यात शोध लागल्याची बातमी नसते, पण ह्या रजिस्ट्रीशिवाय पुढचं काहीही झालं नसतं असं मी अगदी ठामपणे म्हणेन. हा आजार किती घातक आहे ते आकड्यांत कळलं तेही इथूनच. २०११ मधे छापलेल्या नोंदींत हृदयाला इजा झालेली ३२५ बाळं होती, त्यातली ५७ गेली, काही पोटातच, काही नंतर. जी वाचली त्यातल्या सुमारे ७० टक्क्यांना पेसमेकर लागला.

आणि रजिस्ट्रीने आणखी एक गोष्ट दाखवली जी ह्या प्रकरणाचा कणा आहे. एकदा असं बाळ झालेल्या आईला पुढच्या खेपेला पुन्हा तसंच होण्याची शक्यता १ ते २ टक्के नाही तर १६ ते १८ टक्के असते. त्या आईच्या दृष्टीने हा आकडा भयंकर आहे. पण संशोधनाच्या दृष्टीने बघितलं तर ह्याच बायकांमधे एखादा उपाय लागू पडतो की नाही हे तपासता येणं शक्य होतं.

पण आधी जे उपाय करून बघितले ते बघू, कारण ते का फसले ह्यातच उत्तराची दिशा होती. पहिला विचार साहजिकच स्टिरॉइडचा. प्रेडनिसोलोन वारेतून फारसं पलीकडे जात नाही, वारेतलं एन्झाइम त्याला निकामी करतं, म्हणून फ्लोरीनयुक्त स्टिरॉइड, डेक्सामेथासोन वगैरे, जे बाळापर्यंत पोचतात ते द्यायचे. कम्प्लीट ब्लॉक एकदा झाल्यावर त्यांनी तो उलटतो असं काही दिसलं नाही, उलट बाळाची वाढ खुंटणं, गर्भजल कमी होणं हे धोके आलेच. मग दुसरा विचार आला की ब्लॉक पूर्ण होण्याआधीच पकडू. वरच्या कप्प्याच्या आकुंचनापासून खालच्या कप्प्याच्या आकुंचनापर्यंत किती वेळ लागतो तो डॉपलर सोनोग्राफीवर मोजता येतो, त्याला पीआर इंटरव्हल म्हणतात, तो हळूहळू लांबत गेला तर समजायचं की गडबड सुरू झालीये आणि तेव्हाच औषध द्यायचं. कल्पना अगदी पटण्यासारखी आहे. २००८ मधे डेबोरा फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी ह्याचा अभ्यास छापला, ९८ गरोदरपणं, सोळाव्या आठवड्यापासून सव्विसाव्यापर्यंत दर आठवड्याला तपासणी. त्यात तीन बाळांना कम्प्लीट ब्लॉक झाला आणि तिघांपैकी एकाच्याही आधीच्या तपासणीत पीआर लांबलेला नव्हता. एका आठवड्याला नॉर्मल, पुढच्या आठवड्याला पूर्ण ब्लॉक. कधी कधी तर हे सगळं एका दिवसाच्या आत होतं असं पुढे दिसून आलं, मग आठवड्यातून एकदा बघून काय हाती लागणार.

तिसरा प्रयत्न आयव्हीआयजीचा. निरोगी दात्यांच्या रक्तातून गोळा केलेलं आयजीजी आईला शिरेतून द्यायचं, म्हणजे घातक अँटीबॉडींचा भाग कमी होईल, वारेत गर्दी होईल, दाहही कमी होईल अशी आशा. इथे अशाच आया घेतल्या ज्यांचं आधीचं बाळ आजारी होतं. दर तीन आठवड्यांनी, बाराव्या ते चोविसाव्या आठवड्यापर्यंत, किलोमागे ४०० मिलिग्रॅम. आधीच ठरलं होतं की तीन बाळांना ब्लॉक झाला की थांबायचं. वीस आया झाल्या आणि तिसरा ब्लॉक आला, ट्रायल थांबली. युरोपात त्याच डोसने असाच अभ्यास झाला, तिथे १५ पैकी ३. दोन्ही २०१० मधे छापले गेले. ह्याला मी अपयश म्हणणार नाही, नियम आधी ठरवला आणि तो पाळला, नाहीतर आणखी किती आयांना महागडी आणि निरुपयोगी ड्रिप लावली गेली असती. ह्या डोसने काम होत नाही हे ठामपणे सांगता येणं ह्याचीही रुग्णांना गरज असते.

इथपर्यंत आल्यावर एक गोष्ट उघड झाली होती, की झालेला ब्लॉक उलटवता येत नाही, होताना पकडता येत नाही, आणि नुसत्या अँटीबॉडी पातळ करूनही भागत नाही. मग अँटीबॉडी बाळाच्या हृदयात पोचल्यावर जे घडतं त्याच्याच मधे शिरायला हवं.

प्रयोगशाळेत जे चित्र तयार होत गेलं ते थोडक्यात असं. गर्भाच्या हृदयात वाढीच्या ओघात काही पेशी नैसर्गिकपणे मरत असतात. एरवी पेशीच्या आत असणारं रो प्रथिन मरणाऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर येतं आणि तिथे आईच्या अँटीबॉडी त्याला चिकटतात. शेजारच्या निरोगी पेशी अशा मेलेल्या पेशी गुपचूप खाऊन साफ करतात, पण अँटीबॉडी चिकटलेली पेशी मॅक्रोफेजकडे, म्हणजे दाह पेटवू शकणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या पेशीकडे जाते. आणि रो प्रथिनाबरोबर आरएनएचे तुकडे असतात, ते मॅक्रोफेजच्या आत एन्डोसोम नावाच्या आम्लयुक्त पिशवीत पोचतात, तिथे टीएलआर-७ आणि टीएलआर-८ हे रिसेप्टर बसलेले असतात ज्यांचं मूळ काम व्हायरसचा आरएनए ओळखणं. त्यांना वाटतं व्हायरस आला. ते दाह पेटवतात, इंटरफेरॉन, टीएनएफ असे दाहाचे संदेश सुटतात, आणि पाठोपाठ व्रण बनवणारे संदेश, आणि एव्ही नोडच्या जागी तंतू तयार होतात.

आता एन्डोसोमची आम्लता कमी करणारं, म्हणजे हे रिसेप्टर थंड पाडणारं एक औषध आधीच होतं, मलेरियासाठी बनवलेलं, ल्युपसच्या रुग्णांना वर्षानुवर्षं दिलं जाणारं, गरोदरपणातही चालणारं आणि वारेतून बाळापर्यंत व्यवस्थित पोचणारं. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन. आणि ते आधीच दिलं जात होतं म्हणूनच रजिस्ट्रीत मागे वळून बघता आलं, की ज्या ल्युपसच्या आया योगायोगाने ही गोळी घेत होत्या त्यांच्या बाळांचं काय झालं? बुयॉन ह्यांचे सहकारी पीटर इझमिर्ली ह्यांनी हे काम केलं. २०१० मधे ल्युपसच्या आयांमधे तुलना झाली, हृदयाला इजा झालेल्या ५० बाळांपैकी ७ जणांच्या आया ही गोळी घेत होत्या आणि इजा न झालेल्या १५१ पैकी ५६ जणांच्या. २०१२ मधे फक्त आधी आजारी बाळ झालेल्या आया बघितल्या, गोळी घेतलेल्या ४० पैकी ३ बाळांना पुन्हा इजा, न घेतलेल्या २१७ पैकी ४६. म्हणजे ७.५ टक्के विरुद्ध २१.२ टक्के.

इथे बरेच लोक म्हणतील, झालं की, द्या गोळी. पण ह्या आकड्यांवर थांबणं बरोबर नव्हतं. गोळी घेणाऱ्या आया वेगळ्या असू शकतात, त्यांचा आजार आधीच माहीत होता, डॉक्टरांकडे त्यांचं नियमित जाणं होतं, अशी शंभर कारणं मधे येऊ शकतात. ट्रायल हवीच होती. पण कशी? हिशोब मांडून बघा. सगळ्या अँटी-रो आया घेतल्या आणि धोका २ टक्क्यांवरून १ टक्का होतो हे नेहमीच्या सांख्यिकी निकषांनी दाखवायचं तर एका गटात साधारण २३०० आया लागतील, दोन गट म्हणजे त्याच्या दुप्पट, आणि तेवढ्या आया मिळायच्याच नाहीत. आधी बाळ आजारी झालेल्याच आया घेतल्या आणि १८ वरून ९ टक्के दाखवायचं म्हटलं तर एका गटात सव्वादोनशेच्या आसपास. हे तरी आवाक्यात वाटतं, पण त्यातल्या अर्ध्या जणींना नकली गोळी द्यावी लागणार. जिचं एक बाळ पेसमेकरवर आहे किंवा गेलंय, जिला माहीत आहे की बाजारात एक स्वस्त आणि बऱ्यापैकी सुरक्षित गोळी मिळते, तिला तुम्ही म्हणणार की चिठ्ठी टाकून ठरवू? ती नाही म्हणेल, आणि नाही म्हणायचा तिला पूर्ण हक्क आहे.

म्हणून पॅच नावाची जी ट्रायल झाली त्यात एकच गट ठेवला. सगळ्यांना गोळी, रोज ४०० मिलिग्रॅम, दहावा आठवडा संपायच्या आत सुरू, आणि तुलना रजिस्ट्रीतल्या जुन्या १८ टक्क्यांशी. दोन टप्पे, म्हणजे पहिल्या थोड्या आयांमधे फारच बाळं आजारी झाली तर तिथेच थांबायचं, नाहीतर पुढे जायचं. दहाव्या आठवड्याच्या आत का, तर ही गोळी शरीरात फार सावकाश साठते, रक्तातली पातळी स्थिर व्हायला आठवडेच्या आठवडे जातात, आणि सोळाव्या-अठराव्या आठवड्याला जेव्हा धोक्याचा काळ सुरू होतो तेव्हा औषध आधीच तिथे हवं. चौदाव्या आठवड्याला सुरू करून उपयोग कमी.

निकाल २०२० मधे छापला. ५४ बाळंतपणं, ४ बाळांना ब्लॉक किंवा हृदयाची इजा, ७.४ टक्के. जुन्या दराने नऊ-दहा व्हायला हवी होती. पण ह्या ट्रायलमधला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. ह्या ५४ मधल्या ९ आयांना मधेच स्टिरॉइड किंवा आयव्हीआयजी दिलं गेलं होतं, बाळाला काही होण्याआधीच. भीतीपोटी असं होतं, आणि त्या आयांना किंवा त्यांच्या डॉक्टरांना दोष देता येत नाही. पण मग बाळ नॉर्मल राहिलं ते गोळीमुळे की स्टिरॉइडमुळे? संशोधकांनी त्या ९ जणींना हिशोबातून गायब केलं नाही. त्यांना मूळ ५४ मधे ठेवून एक निकाल काढला, आणि मग नुसत्या गोळीचा परिणाम बघायला आणखी ९ आया घेतल्या, त्याच नियमांनी. नुसती गोळी घेतलेल्या ५४ मधेही ४ बाळं, पुन्हा ७.४ टक्के. दुर्मिळ आजारात नऊ नव्या आया मिळवणं म्हणजे काय हे ज्यांनी असं काम केलंय त्यांनाच कळेल, आकडे आधीच चांगले दिसत होते, थांबता आलं असतं, थांबले नाहीत.

तरी ह्या निकालाची मर्यादा झाकायची नाही. तुलना जुन्या काळातल्या आयांशी आहे, आणि ५४ मधे ४ ह्याचा अर्थ खरा दर साधारण ३.४ ते १५.९ टक्क्यांच्या मधे कुठेही असू शकतो, वरची बाजू १८ च्या फार खाली नाही. माझं मत विचाराल तर मी ह्या निकालावर विश्वास ठेवतो, कारण तो एकटा नाही. प्रयोगशाळेतली यंत्रणा एका दिशेला बोट दाखवते, २०१० चा अभ्यास तिकडेच, २०१२ चा तिकडेच, आणि ट्रायलचा आकडा जवळजवळ २०१२ इतकाच. वेगवेगळ्या बाजूंनी येऊन सगळे एकाच जागी भेटत असतील तर ते नुसतं नशीब असण्याची शक्यता मला कमी वाटते.

मग आपल्या प्रकरणातल्या आईला सहाव्या आठवड्यात काय सांगायचं? गोळी आत्ताच सुरू करा, सोनोग्राफीची वाट बघू नका. आधीपासून ल्युपससाठी चालू असेल तर दिवस गेले म्हणून घाबरून बंद करू नका, बंद केल्यावर ल्युपस उसळतो आणि त्याने आई आणि बाळ दोघांना जास्त धोका होतो. वजन कमी असेल तर डोसबद्दल डॉक्टरांशी बोला, कारण लांबच्या वापरात डोळ्याच्या पडद्यासाठी किलोमागे रोज ५ मिलिग्रॅमच्या आत राहावं असं सांगितलं जातं, ८० किलोपेक्षा कमी वजनाच्या बाईला ४०० त्याच्या वर जातं, काही महिन्यांसाठी ते चालवून घ्यायचं की नाही हा निर्णय तिचा आणि डॉक्टरांचा मिळून. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटोलॉजीच्या २०२० च्या सूचनांत अँटी-रो असलेल्या सगळ्याच गरोदर बायकांना ही गोळी द्यावी असा कल आहे, आणि जिचं आधीचं बाळ आजारी होतं तिची सोळाव्या-अठराव्या आठवड्यापासून सव्विसाव्यापर्यंत दर आठवड्याला बाळाच्या हृदयाची इको. आणि तिला हेही स्पष्ट सांगायचं की गोळी घेऊनही साधारण चौदात एका बाळाला ब्लॉक झालेला आहे. झाला तर तो तिने काही चुकवल्यामुळे नाही. ह्या आया स्वतःला फार दोष देतात, माझ्या रक्तामुळे झालं असं म्हणतात, त्यामुळे हे वाक्य डॉक्टरने आपणहून बोललं पाहिजे, तिने विचारायची वाट बघू नये.

तिच्या स्वतःच्या तब्येतीकडेही लक्ष हवं. ज्यांना काही लक्षणं नव्हती अशा बऱ्याच आयांना पुढच्या वर्षांत शोग्रेन किंवा ल्युपस दिसायला लागतो, बाळाच्या धावपळीत त्यांचं स्वतःचं रुमॅटोलॉजिस्टकडे जाणं राहून जातं.

राहिला प्रश्न पहिल्याच खेपेचा, जिला आपल्या अँटीबॉडी माहीतच नाहीत तिचा. दुसऱ्या खेपेच्या आयांनी उत्तर मिळवून दिलं, पण बहुतेक ब्लॉक पहिल्याच खेपेत होतात. सगळ्याच गरोदर बायकांची अँटी-रो तपासणी करायची का ह्यावर एकमत नाही. बुयॉन आणि बेटिना क्युनिओ ह्यांच्या गटाने पुढे अँटीबॉडीची पातळी मोजायला सुरुवात केली, आणि ब्लॉक झालेली बाळं जास्त पातळी असलेल्या आयांचीच निघाली, म्हणजे कमी पातळीच्या आयांना दर आठवड्याच्या तपासण्यांच्या धास्तीतून मोकळं करता येईल. जास्त पातळीवाल्यांना घरीच छोटा डॉपलर देऊन दिवसातून तीनदा ठोके ऐकायला शिकवलं, लय अनियमित वाटली की लगेच फोन, लगेच इको, आणि ब्लॉक अजून अर्धवट असेल तर त्याच तासांमधे उपचार. आठवड्यातून एकदा बघून जे निसटत होतं ते आई घरी दिवसातून तीनदा ऐकून पकडू शकते का, हे आता तपासलं जातंय.